चार इंजिनांचं ऑइल: बंदीच्या दोन महिन्यांतल्या नोंदी

३ जून २०२४, सर्जेकोट (मालवण)

बंदी लागून तीन दिवस झाले. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. बोट परवाच्या भरतीला वर ओढली, आज शाकारायला घेतली. माडाच्या झावळ्यांची झापं बांधून होईपर्यंत पाऊस थांबला तर बरं.

या दोन महिन्यांत एकच काम पुरं करायचं ठरवलं आहे. घरात इंजिनं चार. बोटीचं सहा सिलिंडरचं डिझेल मशीन, छोट्या होडीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावतात ते इंजिन), मासळी नेणारी डिझेल पिकअप आणि घरची पेट्रोल गाडी. आजवर दुकानदार देईल ते किंवा मेस्त्री म्हणेल ते ऑइल चौघांना घातलं. आता प्रत्येकाचं ऑइल कुठलं, किती आणि कधी बदलायचं, हे नीट समजून ठरवायचं आहे.

कारण मार्चमधलं. शिमगा झाल्यावर पहिल्याच फेरीत ऑइलच्या प्रेशरचा काटा खाली बसला आणि मशीन खालून ठोकायला लागलं. चुलतभावाच्या बोटीने ओढून आणलं. क्रँकची बेअरिंगं उघडली तर वरचा राखाडी थर निघून गेलेला, खालचं तांबं उघडं पडलेलं. हंगामाचे ऐन २२ दिवस बोट बंदराला बांधून. खलाशी वाट्यावर काम करतात, त्यांच्या घरी तेवढे दिवस काहीच गेलं नाही. ते अजून मनातून जात नाही.

५ जून

मशीनमधलं ऑइल काढायच्या आधी पातळी मोजायची दांडी ओढून पाहिली. वरच्या खुणेच्याही दोन बोटं वर. एप्रिलमध्ये काम केल्यावर मी स्वतः खुणेपर्यंत भरलं होतं. त्यानंतर बोट चालली, तर ऑइल थोडं कमी व्हायला हवं. वाढलं कसं?

बोटीवर इतकी वर्षं काढलेले तात्या म्हणाले, "ऑइल वाढता म्हणजे मशीन चांगला चालता, असाच आमी समजत होतव." मीसुद्धा तसंच समजत होतो. बंदरावर आजही अनेक जण तसंच समजतात, म्हणून हे ठळक लिहून ठेवतो: इंजिनात ऑइल आपोआप तयार होत नाही. पातळी वाढली तर त्यात डिझेल तरी उतरलं आहे किंवा पाणी तरी.

भरायच्या तोंडाचं झाकण काढलं. आतून पांढरट, पिवळसर फेस चिकटलेला, ताकावर येतो तसा. बोटाने पुसून उन्हात धरला. ऑइल आणि पाणी घुसळल्यावर होतो तो हा फेस.

६ जून

दोन परीक्षा केल्या. दोन्हींना खर्च नाही.

पहिली टीपकागदाची. दांडीवरचा एक थेंब कागदावर टाकला, कागद दोन वाट्यांच्या काठांवर अधांतरी ठेवला, रात्रभर हात लावला नाही. सकाळी मध्ये काळा ठिपका, भोवती करडं वलय आणि त्याच्याही बाहेर फिकट, तेलकट, रुंद कडं. काजळी मध्यापासून वलयापर्यंत पसरलेली आहे, म्हणजे ऑइलमधलं डिटर्जंट अजून तिला धरून आहे. डिझेल इंजिनाचं ऑइल काही तासांतच काळं होतं, तो त्याचा दोष नाही, ते काजळी उचलतंय याची ती खूण. काळजीचं आहे ते बाहेरचं फिकट कडं. ते डिझेलचं.

दुसरी तव्याची. अंगणात तीन दगडांवर जुना तवा तापवला आणि वर ऑइलचे चार थेंब सोडले. फोडणीत मोहरी तडतडावी तसे थेंब तडतडले, बुडबुडे फुटून बाजूला उडाले. शेजारी नव्या डब्यातल्या ऑइलचा थेंब टाकला. तो गप्प पसरला, धूर सोडला, बस. तडतड म्हणजे पाणी. आई दारातून म्हणाली, "ह्यो तवो आता परत घरात नको." तो आता शेडमध्ये खिळ्याला टांगला आहे, याच कामासाठी.

(करायचं असेल तर उघड्यावर करा, डोळ्यांवर चष्मा हवा आणि थेंब थोडेच.)

९ जून

मेस्त्री आले. मार्चमध्ये मशीन उघडलं तेव्हाही त्यांचं मत हेच होतं आणि आजही तेच: "जाड ऑइल घाल, मशीन जुना झाला." म्हणजे १५डब्ल्यू-४० ऐवजी २०डब्ल्यू-५०.

त्यांच्या बोलण्यात तथ्य नाही असं नाही. जाड ऑइल घातल्यावर प्रेशरचा काटा वर येतो, ठोकणं दबतं. आमच्याकडे जानेवारीत तेच केलं होतं. पण ऑइल पातळ का झालं, हे कुणी विचारलं नाही. त्यात डिझेल मिसळत होतं. थोडंसं डिझेलही ४० चं ऑइल ३० च्या घरात आणून सोडतं. आम्ही वरून जाड ऑइल ओतत राहिलो, खालून डिझेल येतच राहिलं, आणि दोन महिन्यांनी बेअरिंगं गेली.

आकडे समजून घेतले ते असे. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीतला: १५डब्ल्यूची चाचणी उणे २० अंशांवर होते, २०डब्ल्यूची उणे १५ वर. मालवणात पौषातल्या पहाटेलाही एक गोधडी पुरते, तेव्हा हा आकडा इथे निर्णायक नाही. नंतरचा आकडा १०० अंशांवरचा दाटपणा: ४० म्हणजे १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक, ५० म्हणजे १६.३ ते २१.९. पण हेच १५डब्ल्यू-४० ऑइल ४० अंशांवर साधारण ११० सेंटीस्टोक असतं. म्हणजे आपल्याला गरम वाटणाऱ्या हवेतही सकाळी चालू करताना ऑइल कामाच्या वेळेपेक्षा सात-आठ पट दाट असतं. २०डब्ल्यू-५० त्याहून दाट. ते वरच्या रॉकरपर्यंत पोचायला उशीर लावतं, आणि फिल्टरच्या कागदातून जाताना जोर जास्त पडला की फिल्टरचा बायपास उघडतो. मग घाण ऑइल न गाळताच बेअरिंगांत जातं.

मशीनच्या पुस्तकात १५डब्ल्यू-४० लिहिलं आहे. तेच घालायचं. मेस्त्री पटले नाहीत, पण चहा घेऊन गेले, आणि सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल तपासायला हवेत हे त्यांनीच सांगितलं. त्यांचा हात चांगला आहे.

१२ जून

सहाही नोझल कुडाळला पंपवाल्याकडे दाखवून आणले. चौथा गळत होता, फवाऱ्याऐवजी धार. डिझेल कुठून येत होतं त्याचं अर्धं उत्तर हे.

उरलेलं अर्धं मशीनच्या थंडाव्यात आहे. आमच्या मशीनमध्ये आत गोडं पाणी फिरतं, ते हीट एक्स्चेंजरमध्ये समुद्राच्या पाण्याने थंड होतं. थर्मोस्टॅट, म्हणजे मशीन पुरतं तापेपर्यंत थंडाव्याची वाट बंद ठेवणारा भाग, मात्र कुणीतरी कधीतरी काढून टाकलेला, 'मशीन गार राहतं' म्हणून. काटा वर्षानुवर्षं ५० अंशांच्या आसपास. सगळे खूश.

खरं तर तिथेच सगळं बिघडत होतं. जळताना तयार झालेली वाफ थोडी पिस्टनच्या कडेने खाली येतेच. ऑइल नीट तापलं तर ती वाफ ब्रीदरच्या नळीतून बाहेर निघून जाते. मशीन ५० अंशांवर राहिलं तर ती भिंतींना लागून पाणी होते आणि ऑइलमध्ये उतरते. थंड सिलिंडरमध्ये डिझेलही पुरतं जळत नाही, तेही खाली. झाकणावरचा फेस तिथून आलेला. कुठलंही ऑइल, कितीही महागाचं, या आजाराला पुरं पडलं नसतं.

१६ जून

आज होडीचं आउटबोर्ड. पाऊस दिवसभर, शेडमध्ये बसून काम.

खालच्या गिअरचं ऑइल काढलं. आधी खालचा स्क्रू, मग वरचा. जे आलं ते ऑइल नव्हतंच, दुधाचा चहा होता. पंखा काढला. पंख्यामागे शाफ्टला तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा धागा, गुंडाळलेला, केसासारखा बारीक, सात-आठ वेढे, उष्णतेने वितळून एकजीव झालेला. ब्लेडने कापून काढला तर खाली सीलच्या ओठाला चीर दिसली, नखाएवढीसुद्धा नाही. तिथून खारं पाणी आत, आणि गिअरच्या दातांवर तांबूस गंज चढायला सुरुवात. जाळ्यावर काम करणाऱ्याच्या होडीला तंगूस लागणारच. पण दर पंधरा दिवसांनी पंखा काढून पाहायला दहा मिनिटं लागतात.

नवीन सील, नवीन वॉशर, गिअर ऑइल ९० नंबरचं, आउटबोर्डसाठीच बनवलेलं. भरताना खालच्या भोकातून दाबत जायचं, वरच्या भोकातून बुडबुडे न येता ऑइल येईपर्यंत. मग आधी वरचा स्क्रू लावायचा, नंतर खालचा. वरून ओतलं तर आत हवा अडकते आणि भरलं असं वाटूनही ते अर्धंच असतं.

१७ जून

टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकच्या ऑइलचा प्रश्न. होडीत आजवर मोपेडचं टू-टी घालत आलो. दोन्ही टू-स्ट्रोक, दोन्हींत पेट्रोलमध्ये मिसळायचं, मग फरक काय?

फरक आहे, आणि तो थंडाव्याचाच. मोपेडचं इंजिन वाऱ्यावर थंड होतं, फार तापतं. त्याच्या ऑइलमध्ये धातूचे क्षार असलेलं डिटर्जंट असतं, जळल्यावर त्याची राख उरते. आउटबोर्ड पाण्याने थंड होतं, तुलनेने गार चालतं आणि तासन्‌तास एकाच वेगात ओढतं. तिथे ती राख पिस्टनच्या डोक्यावर आणि प्लगवर बसते, मग ती लाल होऊन ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटवते. म्हणून पाण्याने थंड होणाऱ्या आउटबोर्डसाठी बिनराखेचं ऑइल वेगळं बनवतात, त्याच्या डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं असतं. मोपेडच्या डब्यावर जासो या जपानी मानकाचं एफसी किंवा एफडी. आमचे काढलेले प्लग पाहिले, टोकांच्या मधल्या फटीत करड्या राखेचा पूल बांधला गेलेला. गेल्या वर्षी खाडीच्या तोंडाशी दोनदा होडी बंद पडली, ती यामुळेच असं आता वाटतं.

प्रमाण पन्नासाला एक. १० लिटर पेट्रोलला २०० मिलिलिटर. आजवर झाकणाने अंदाजपंचे. आता औषधाच्या दुकानातून खुणांचं माप आणलं, डब्याला दोरीने बांधलं.

फोर-स्ट्रोक आउटबोर्डवाल्यांसाठीही एक ओळ. त्यांनी गाडीचं ऑइल घालण्याआधी पुस्तक पाहावं. त्यांच्यासाठी एफसी-डब्ल्यू खुणेचं ऑइल असतं, ते गंजरोधाच्या चाचणीतून गेलेलं असतं. खाऱ्या हवेत महिनाभर उभ्या राहणाऱ्या इंजिनाला त्याची फार गरज.

२३ जून

कुडाळला दुकानात तासभर उभा राहून डबे वाचले. समोरचं चित्र आणि मोठी अक्षरं सोडून द्यायची, मागची बारीक छपाई वाचायची. एपीआयचं (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचं) गोल चिन्ह शोधायचं: वरच्या कडेला दर्जा, मधोमध दाटपणा.

दर्जात पहिलं अक्षर एस असेल तर पेट्रोल इंजिन, सी असेल तर डिझेल. दुसरं अक्षर जितकं पुढचं तितका दर्जा नवा. सीएफ-४ १९९० चा, सीआय-४ २००२ चा, सीके-४ २०१६ चा. आमच्या बोटीच्या पुस्तकात सीएफ-४ लिहिलं आहे, तेव्हा मशीन त्या काळातलंच. सीआय-४ प्लस त्याहून वरचं, काजळी जास्त सांभाळतं, आणि दुकानात सहज मिळतं. ते घेतलं. सीके-४ सुद्धा चाललं असतं, पण दर महिन्या-सव्वा महिन्याला बदलायचं तर जास्तीचा पैसा तिथे घालण्यापेक्षा फिल्टरवर घालावा असं माझं मत.

या चारांत धरलेली नाही, पण धाकट्याच्या मोटरसायकलसाठीही जासो एमए२ लिहिलेलं घेतलं. तिचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, गाडीचं निसरडं ऑइल घातलं तर क्लच घसरतो.

३० जून

पिकअपचं पुस्तक काढलं. गाडी बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचा नवा मापदंड), एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर आहे. ऑइल कमी राखेचंच हवं, असं स्पष्ट लिहिलं आहे. काजळी त्या फिल्टरमध्ये ठरावीक काळाने जळून जाते. राख जळत नाही. ती साठत जाते आणि शेवटी फिल्टरच बदलावा लागतो, तो फार महाग.

म्हणजे बोटीचा सीआय-४ चा डबा पिकअपमध्ये रिकामा करायचा नाही. हे दोन्ही खलाशांना आणि ड्रायव्हरला बसवून सांगितलं, कारण बंदरावर 'डिझेलचं ऑइल ते डिझेलचं ऑइल' असंच चालतं. शेडमध्ये डब्यांवर रंगाने लिहिलं: बोट निळा, पिकअप पिवळा, गाडी पांढरा, होडी लाल.

जुन्या लोकांचं एक म्हणणं तपासलं. डिझेलमध्ये गंधक असतं, त्याचं आम्ल होतं, म्हणून डिझेल ऑइलमध्ये आम्ल मारणारा साठा भरपूर हवा. हे खरं होतं. १ एप्रिल २०२० पासून पंपावरचं डिझेल बीएस-६ चं, गंधक दशलक्षात १० भाग. आता आम्लाचा तो धाक फार कमी झाला. पाण्याचा मात्र तेवढाच आहे.

७ जुलै

घरची पेट्रोल गाडी. गॅरेजवाल्याने दोन वर्षांपूर्वी 'कोकणातल्या उकाड्याला' म्हणून २०डब्ल्यू-५० घातलं होतं. पुस्तकात ०डब्ल्यू-२०, दर्जा एसएन किंवा एसपी. या इंजिनातल्या फटी आणि ऑइलच्या वाटा बारीक आहेत, व्हॉल्व्हची वेळ बदलणारा भागही ऑइलच्या दाबावरच चालतो. बाहेर ३४ अंश असले तरी इंजिन आत थर्मोस्टॅटच्याच तापमानावर चालतं, राजस्थानातही आणि इथेही.

आणि एक गोष्ट लक्षात आली. ही गाडी शाळा, बाजार, बंदर, पुन्हा घर एवढीच फिरते. तीन-चार किलोमीटरच्या वर नाही. ऑइल तापायच्या आत बंद. झाकण उघडलं तर तोच पांढरट फेस, फक्त बोटीपेक्षा कमी. वर्षात ४,००० किलोमीटरही होत नाहीत म्हणून आम्ही दोन वर्षं ऑइल बदललंच नव्हतं. पुस्तकात किलोमीटर किंवा महिने, जे आधी येईल ते, असं लिहिलं आहे, आणि आपण फक्त किलोमीटर वाचतो. आता वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर. शिवाय महिन्यातून एकदा कणकवलीपर्यंत नेऊन आणायची, ऑइल नीट तापू द्यायचं.

१४ जुलै

मशीनला थर्मोस्टॅट बसवला. जुन्या घरात गंजाचे पापुद्रे, ते खरवडून काढायला अख्खी सकाळ.

शेजारच्या बोटीचे मालक पाहायला आले. त्यांच्या मशीनमध्ये थेट समुद्राचं पाणी फिरतं. त्यांना माझ्यासारखं ८० अंशांना नेता येणार नाही, ६० च्या फार वर गेलं की क्षार धरून पाण्याच्या वाटा बुजतात. त्यांचं ऑइल गारच राहणार. त्यांनी ते लवकर बदलावं, हाच उपाय. दोघांनी मिळून हिशोब केला.

बोटीला किलोमीटर नाहीत, तास आहेत. पिकअप फोंडा घाट भरल्या गाडीने चढते तेव्हा जसं ओढते, तसं बोटीचं मशीन दिवसभर ओढतं. घाटाला माथा असतो, पुढे उतार असतो. समुद्राला नाही. आमचं मशीन महिन्याला साधारण २०० तास चालतं. हंगाम दहा महिन्यांचा, २,००० तास. पुस्तकाप्रमाणे २५० तासांना ऑइल, म्हणजे आठ वेळा. आम्ही करत होतो तीन वेळा: नारळी पुनवेला, दिवाळीला आणि शिमग्याला. एका वेळी १४ लिटर, म्हणजे ४२ लिटरऐवजी ११२ लिटर. ७० लिटरचा जास्तीचा खर्च. मार्चमधल्या कामाचं बिल मी पाकिटात ठेवलं आहे, ते याच्या कितीतरी पट आहे, आणि त्यात बुडालेले २२ दिवस धरलेले नाहीत.

तास मोजणारं मीटर बंद होतं. नवीन बसवलं.

२७ जुलै

ऑइल भरलं. बोट अजून वरच आहे, म्हणून पिंपातून पाणी देऊन आधी जुन्यावरच मशीन पंधरा मिनिटं चालवलं. ऑइल गरम असताना काढलं तर तळाची घाण त्याच्यासोबत येते. सम्पच्या (मशीनच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याच्या) खाली पसरट भांडं सरकवायला जागा नाही, म्हणून दांडीच्या नळीतून हातपंपाने ओढलं. सोळा लिटरच्या वर निघालं. भरलं होतं चौदा.

नवीन फिल्टर आधी ऑइलने भरला, रबराच्या कड्याला बोटाने ऑइल लावलं, हाताने घट्ट केला. पाना लावला नाही. गिअरबॉक्सच्या पाटीवर सिंगल ग्रेड ४० लिहिलं आहे, त्यात तेच, वेगळ्या डब्यातून.

जुनं ऑइल पिंपात साठवून झाकण लावलं. पूर्वी ते खाडीत जायचं, किंवा वाळवीसाठी कुंपणाच्या खांबांना. २०१६ च्या नियमांप्रमाणे ते घातक कचऱ्यात मोडतं, अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यालाच द्यायचं. नियम नसता तरी मी ते खाडीत ओतलं नसतं. त्याच खाडीच्या खडकांवरची कालवं आमच्या बायका ओहोटीला काढतात. पाच बोटींचं मिळून एक बॅरल भरलं की उचलायला बोलवायचं, असं आमच्यात ठरलं.

२० ऑगस्ट

काल नारळी पौर्णिमा. समुद्राला नारळ दिला, आज पहाटे तीनला बोट बाहेर. मशीन चालू केल्यावर प्रेशरचा काटा दोन श्वासांत वर आला. तासाभराने पाण्याचा काटा ७८ वर टेकला आणि तिथेच राहिला. तात्या केबिनमधून खाली उतरून दोनदा बघून गेले. ७८ त्यांना बघवत नव्हतं, इतकी वर्षं ५० पाहिलेले. काही बोलले नाहीत.

१ सप्टेंबर

मीटर ८३ तास. दांडी खुणेवर, किंचित खाली. झाकण आतून कोरडं, तपकिरी.

तवा खिळ्यावरून काढला, तापवला. चार थेंब टाकले. तात्या कान पुढे करून उभे. थेंब गप्प पसरले.

"परत टाक," तात्या म्हणाले. परत टाकले. गप्प.

पुढचं ऑइल २५० तासांना. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येईल, भिंतीवरच्या कॅलेंडरवर २५ तारखेला निळी खूण केली आहे.